पहिला अर्धा ग्लास

गुरुवारी दुपारी बिअरचं नवं पिंप उघडलं, की त्यातला पहिला अर्धा ग्लास क्लिफर्ड सग्डेनचा. 'रॅम्स हेड' पबमध्ये हे कुणी कधी ठरवलं नव्हतं आणि कुणी कधी मोडलंही नव्हतं. वॉल्टर हॉइल मालक होता तेव्हापासूनची ही रीत. वॉल्टर गेला, त्याची बायको डोरीन काउंटरमागे उभी राहिली, तरी रीत तीच राहिली.

रात्रभर नळीत पडून राहिलेली बिअर डोरीन आधी बादलीत काढून टाकायची. मग पंपाचा दांडा सावकाश ओढून अर्धा ग्लास भरायची, खिडकीच्या उजेडात धरून बघायची आणि क्लिफर्डपुढे ठेवायची. तो वास घ्यायचा, एक घोट तोंडात घोळवायचा आणि छताकडे बघत बसायचा. सगळा पब गप्प. मग एकच शब्द यायचा. 'चालेल' म्हणाला, की पंपावरचा बिअरच्या नावाचा बिल्ला गिऱ्हाइकांकडे वळायचा आणि विक्री सुरू. 'उद्या' म्हणाला, की पिंपातला गाळ अजून खाली बसायचा आहे असं समजायचं, बिल्ला पाठमोराच ठेवायचा आणि सगळ्यांनी निमूट दुसऱ्या पंपाची प्यायची.

आता तुम्ही म्हणाल, अर्ध्या ग्लासाचं एवढं काय कौतुक? पण क्लिफर्डच्या बाजूने बघा. उभा जन्म हॅलिफॅक्सच्या चढउतारांवर बस चालवली. लग्न राहून गेलं. बहिणीच्या घरी जेवायला गेला तर तिचा नवरा याला बोलू देत नाही. डॉक्टर याचं ऐकत नाही, नगरपालिका ऐकत नाही. एवढ्या मोठ्या गावात ज्याच्या मतासाठी माणसं थांबतात अशी एकच जागा, आणि ती आठवड्यातून एकदाच. शिवाय ग्लास पुढे ठेवताना डोरीन त्याच्याकडे जशी बघायची, तेही होतंच. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, डोरीनला तर नाहीच नाही.

आणि मग ज्युलियन पेल आला.

हा दक्षिणेकडचा. नोकरी लवकर सोडून टेकडीवर घर घेतलेलं, गळ्यात पिवळा मफलर, बोलणं मधासारखं. पहिल्याच संध्याकाळी त्याने चारही पंपांची चव घेतली आणि घरी जाऊन इंटरनेटवर 'रॅम्स हेड'बद्दल लांबलचक मत लिहिलं. इथल्या बिटरमध्ये, म्हणजे नेहमीच्या कडवट बिअरमध्ये, म्हणे संत्र्याची साल लागते, ताजं गवत लागतं आणि शेवटी शेवटी जाईची फुलं. क्लिफर्डने इतकी वर्षं तीच बिटर प्यायली होती, त्याला कधी जाई भेटली नव्हती. इथल्या गिऱ्हाइकांनी आजवर दिलेलं सर्वांत मोठं मत म्हणजे 'बरीय', आणि ते जाड्या लेसने ख्रिसमसला दिलेलं.

पण त्या लिखाणाने माणसं यायला लागली. लीड्सहून, मँचेस्टरहून, पाठीवर पिशव्या लावलेली. येऊन विचारायची, ती जाईवाली बिअर कुठली. डोरीन हरखली. ज्युलियनची मतं तिने छापून आणली आणि डार्टबोर्डशेजारी टाचण्यांनी लावली. क्लिफर्डने ती वाचली नाहीत. म्हणजे चारचौघांत वाचली नाहीत. पब रिकामा असताना चष्मा लावून त्याने एकूण एक ओळ वाचली आणि एका ओळीशी येऊन थांबला. 'कोपऱ्यात एक मुका म्हातारा बसतो, तोही बाकांइतकाच जुना, आणि त्याच्याशिवाय ही खोली अपुरी वाटेल.'

ज्युलियनने हे प्रेमाने लिहिलं होतं हो. पण क्लिफर्डच्या अंगाचा तिळपापड झाला. मुका? याच्या एका शब्दावर इथे पंप चालतात आणि बंद पडतात, आणि हा उपरा त्याला बाकांच्या हिशेबात धरतो!

तेव्हापासून ज्युलियनचं सगळंच त्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं. त्याचा मफलर, त्याचे स्वच्छ बूट, ग्लास नाकाखाली गोल गोल फिरवायची त्याची ती तऱ्हा. सगळ्यांत जास्त खुपायचं ते हे, की ज्युलियन बोलायला लागला की डोरीन कानामागे केस सारायची. वॉल्टर जिवंत असताना तिने कधी केस सारल्याचं क्लिफर्डला आठवत नव्हतं, आणि त्याचं लक्ष नेहमी तिकडेच असायचं.

हेही कदाचित त्याने गिळलं असतं. पण एका गुरुवारी डोरीनने नेहमीसारखा अर्धा ग्लास भरला, उजेडात धरला, आणि क्लिफर्डने हात पुढे केला तर ग्लास त्याच्यासमोरून सरकत ज्युलियनकडे गेला. "आज तुम्ही सांगा बघू," डोरीन म्हणाली. ज्युलियन लाजला, नको नको म्हणाला, आणि मग पाच मिनिटं बोलला. क्लिफर्डचा हात काउंटरवर तसाच राहिला. त्याने तिथला रुमाल उचलून उगाच पुसल्यासारखं केलं.

पुढच्या गुरुवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. क्लिफर्डला दुसरा ग्लास मिळायचा. दुसरा! जाड्या लेसने त्याला छेडलं, की राजेसाहेब, गादी गेली वाटतं. क्लिफर्ड हसला, पण घरी जाऊन भांडी अशी आपटली की शेजारणीने भिंत ठोकली. एक संध्याकाळ तो रागाने खालच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या पबात जाऊन बसला. तिथली बिअर बर्फासारखी गार आणि नुसता फेस. कुणी मत विचारलं नाही आणि द्यावं असं काही त्या ग्लासात नव्हतंही. दुसऱ्या दिवशी डोरीनने त्याच्या दंडावर हात ठेवून विचारलं, "बरा आहेस ना रे?" विचारताना तिचा आवाज इतका मऊ होता की तो आणखीच पेटला. दया दाखवते मला, असं त्याला वाटलं.

त्यातच बातमी आली, की लीड्सची बिअरवाली मंडळी शनिवारी येणार. पिंपातच मुरणाऱ्या जिवंत बिअरवर जीव टाकणारी, गावोगाव फिरून पबांना गुण देणारी. ज्युलियनने त्यांना बोलावलं होतं. डोरीनने त्यांच्यासाठी खास डोंगरापलीकडच्या एका छोट्या कारखान्यातून त्याच जाईवाल्या बिटरचं एक पिंप मागवलं, तळघरात स्वतः बसवलं, रोज जाऊन बघितलं. गुरुवारी दुपारी ते उघडायचं होतं. नेहमीचे सगळे वेळेआधी हजर.

पहिला ग्लास ज्युलियनला. त्याने घोट घेतला आणि या खेपेला पाच मिनिटं बोललाच नाही. डोळे मिटून नुसता "वा" म्हणाला. मग लेसला मिळाली, इतरांना मिळाली. लेसने तर जून महिना असून 'बरीय' म्हटलं. डोरीनचा चेहरा उजळला. "शनिवार आपला," ज्युलियन म्हणाला. आपला! केव्हापासून आपला झाला हा?

मग डोरीनला कोपऱ्याची आठवण झाली. तिने अर्धा ग्लास क्लिफर्डपुढे आणून ठेवला. तो दुसराही नव्हता, पाचवा की सहावा होता.

क्लिफर्डने वास घेतला. घोट घेतला, तोंडात घोळवला. आणि काय सांगू, इतकी सुरेख बिअर त्याने कित्येक वर्षांत चाखली नव्हती. कडवटपणा हवा तेवढाच, मागून येणारी माल्टची गोडी, आणि अगदी शेवटी, मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला, अगदी शेवटी ती जाई. खरंच होती. त्या पिवळ्या मफलरवाल्याला ती आधी सापडली होती.

त्याने छताकडे बघितलं. पब आपोआप गप्प झाला, जुन्या सवयीने. किती दिवसांनी ही शांतता त्याच्या वाट्याला आली होती.

"आंबलीय," क्लिफर्ड म्हणाला.

ज्युलियनने घाईने आपल्या ग्लासातला उरलेला घोट घेतला आणि हळूच म्हणाला, की तुम्ही माझ्यापेक्षा जाणते आहात, पण मला तर तसं काही लागत नाही.

"तुला फुलं लागतात. मला व्हिनेगर लागतंय," क्लिफर्ड म्हणाला. "शनिवारी त्यांच्यापुढे हे ठेवलंत, तर या पबाचं नाव जाईल."

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. लेसने ग्लास हुंगला आणि म्हणाला, की आता तू म्हणतोस तर, मागून जरा आंबट येतं खरं. त्याच्या शेजाऱ्यालाही आलं. पाच मिनिटांपूर्वी मिटक्या मारणाऱ्या माणसांची तोंडं एकामागून एक वाकडी झाली. ज्युलियन बिचारा एकदा ग्लासाकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. क्लिफर्डच्या पोटात असा थंडावा पसरला की विचारू नका.

डोरीनने क्लिफर्डचा ग्लास उचलला. उजेडात धरला, घोटभर घेतला. घेऊन ती जरा वेळ उभी राहिली आणि क्लिफर्डकडे बघत राहिली. मग तिने हात लांब करून पंपावरचा बिल्ला फिरवला, भिंतीकडे तोंड करून.

"क्लिफर्डने सांगितलं म्हणजे संपलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "या घरात त्याचीच जीभ चालते."

ती तळघरात उतरली. थोड्या वेळाने खालून मोरीत काहीतरी भडाभडा ओतल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. फळ्यांच्या फटींतून वास वर आला. बिअर चांगली होती हे त्या वासालाही लपवता येत नव्हतं, पण आता कुणाचं नाक त्याला मान्यता द्यायला तयार नव्हतं. ज्युलियन पांढराफटक पडला होता. त्याने डार्टबोर्डशेजारचे कागद स्वतःच्या हाताने उतरवले, घडी करून खिशात घातले, आणि जाता जाता क्लिफर्डपाशी थांबून म्हणाला, "मला शिकायला हवं होतं तुमच्याकडून. मी नुसता बोलत राहिलो."

क्लिफर्डने मोठ्या मनाने मान हलवली. त्या रात्री तो चढ चढून घरी गेला तो शीळ घालत. ओतलेल्या पिंपाचं वाईट वाटलं का? वाटलं, थोडं. पण 'त्याचीच जीभ चालते' हे डोरीनचे शब्द त्याने अंथरुणात पडल्यावर इतक्यांदा मनात घोळवले, की वाईट वाटायला जागा उरली नाही.

शुक्रवारी पब उघडायच्या आधीच तो मागच्या दाराशी गेला. डोरीन स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. तिने त्याला समोर बसवलं, चहा ओतला, दार लावून घेतलं. आजवर तिने त्याच्यासाठी दार लावलं नव्हतं.

"तुला एक सांगायचंय," ती म्हणाली, "आणि तू मनाला लावून घ्यायचं नाहीस. ती बिअर चांगली होती रे. सोन्यासारखी होती."

क्लिफर्डने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुझ्या बहिणीने सांगितलं मला, बाजारात भेटली तेव्हा. तुझ्या त्या छातीच्या नव्या गोळ्यांबद्दल. आमच्या वॉल्टरला त्याच होत्या. सगळ्यांत आधी त्याची चव गेली. चहात मीठ घालायचा आणि म्हणायचा, डोरीन, साखर कमी पडलीय." ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. "म्हणून मी पहिला ग्लास त्या ज्युलियनला द्यायला लागले. म्हटलं, सगळ्यांसमोर कधी चुकलास, तर लेससारखी माणसं तुला सोडायची नाहीत. तुला किती लागलं असेल ते कळत होतं मला. पण विचारायचं कसं?"

क्लिफर्डची जीभ टाळूला चिकटली. चांगली, धडधाकट जीभ. गोळ्यांनी तिला काडीचाही धक्का लागला नव्हता.

"आणि काल तू चुकलासच," डोरीन म्हणाली. "काय करणार होते मी? त्या सगळ्यांसमोर तुला खोटं पाडू? पिंप काय, दुसरं येईल. तुझं नाव गेलं असतं तर ते कुठून आणलं असतं?"

आता सांगायचं, की मी चुकलो नाही, मला जाईसुद्धा लागली होती, मी जळत होतो म्हणून तुझं पिंप मोरीत घालवलं? क्लिफर्डने तोंड उघडलंही. समोर डोरीन बसली होती. तिच्या चेहऱ्यावर त्याच्यासाठी एवढी माया त्याने आजवर कधी बघितली नव्हती आणि एका वाक्यात ती जाणार होती. त्याने तोंड मिटलं.

"गोळ्यांचंच असणार," तो अखेर म्हणाला.

डोरीनने त्याच्या हातावर हात ठेवला. कुणाला कळणार नाही, ती म्हणाली. उद्याच्या मंडळींना बाकीच्या तीन पंपांवर भागवू. मात्र पुढच्या गुरुवारपासून पहिला ग्लास कुणाला द्यायचा ते तूच सांग, म्हणजे तू दिल्यासारखं होईल.

"ज्युलियनला दे," तो म्हणाला. "आणि ते कागद परत लाव भिंतीला. त्याला जमतं ते."

"किती मोठ्या मनाचा आहेस रे तू," डोरीन म्हणाली आणि तिने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. तो प्यायला. कडक, दाट, दोन चमचे साखर घातलेला, त्याला आवडायचा अगदी तसा चहा होता.

"लागते का काही चव?" तिने हळूच विचारलं.

"नाही," क्लिफर्ड म्हणाला.