मनकर्णाने काढलेली पट्टी

दुष्काळात चौसाळ्याजवळच्या एका दूध संस्थेने गुरांची छावणी उघडली, आणि चाऱ्याच्या यादीचा संगणक नेमका तेव्हाच सारखा बंद पडू लागला. बीडच्या मेकॅनिकने विंडोज नव्याने टाकलं, तरी तेच. "नवाच घ्या," म्हणून तो निघून गेला.

संस्थेत काम करणाऱ्या मनकर्णाने मग स्वतःच संगणकाचा डबा उघडला. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, तरी संगणक बंद पडला. ती परत बसवून दुसरी काढली, आणि तो दिवसभर बिनतक्रार चालला.

"मेकॅनिकला जमलं न्हाई, तुला कसं कळलं गं?" चेअरमन आश्रुबांनी विचारलं.

"दुखणाईत शेळी हुडकायला एकेक बाजूला बांधून बघतोच की आमी."

चाऱ्याच्या रांगेत उभे असलेले तिचे वडील धोंडीराम मागच्याला मोठ्यानं म्हणाले, "आमची लेक हाय ती!"