सरकारांच्या वतीने श्वास

लेवाओ सरकारांना आमच्या अपियाच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा सोबत घरची अकरा माणसं होती आणि तापूसोआ होता. आमच्या बेटांवर गावच्या सभेत मोठा मताई, म्हणजे घराण्याचा प्रमुख, स्वतः तोंड उघडत नाही, त्याच्या वतीने त्याचा वक्ता बोलतो. तापूसोआ चाळीस वर्षं सरकारांच्या वतीने बोलत होता. सभेत ते ठीकच आहे. पण सरकारांना विषाणूचा ताप येऊन पाच दिवस झाले होते, धाप लागली होती आणि मी त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी करायला बसले होते. तिथे कसली डोंबलाची सभा?

अकराजणांना मी व्हरांड्यात थांबवलं. तापूसोआ मात्र मास्क लावून, हातात काठी घेऊन आत आलाच. खांद्यावरची मानाची चवरी तेवढी नर्सने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिली.

"दम लागतो का?" मी सरकारांना विचारलं.

"सरकारांचा श्वास शांत आहे," तापूसोआ म्हणाला.

"छातीत दुखतं का?"

"सरकारांना दुखण्याची सवय नाही."

सरकार ऑक्सिजनच्या मास्कआडून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, जरा डाव्या कुशीवर वळा. तापूसोआ काठी टेकत खाली बसला आणि फरशीवर डाव्या कुशीवर आडवा झाला.

"आता श्वास रोखा."

त्याने गाल फुगवून श्वास रोखला.

"अहो, तुमचा नको. त्यांचा."

तो हातानेच मला थांब म्हणाला. त्याचा चेहरा जांभळा पडायला लागला तशी नर्स घाबरली आणि तिने त्याच्याच बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. आकडा आला अठ्ठ्याण्णव.

"बघ पोरी," तापूसोआ धापा टाकत उठला, "सरकार ठणठणीत आहेत. उद्याच्या बोटीने सवाई बेटावर, गावी नेतो. रविवारी नव्या चर्चचं उद्घाटन आहे."

सरकारांच्या बोटावर त्र्याऐंशी होते. मला रडावं की हसावं कळेना, आणि रागही आला. मी सरकारांना नर्सच्या मदतीने वळवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"हा उजवा कप्पा. फुप्फुसांवर ताण आलाय, म्हणून हा फुगलाय आणि डाव्याला दाबतोय. असं हृदय दिसलं की पुढचे काही दिवस धोक्याचे असतात. त्यांना बोटीवर नेता येणार नाही."

तापूसोआने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणजे उजव्याने डाव्याची जागा बळकावली?"

"तसंच म्हणा."

"कुणाला न विचारता?"

मी काही बोलायच्या आत त्याने काठी टेकली आणि पडद्यासमोर ताठ उभा राहून भाषण सुरू केलं. उजव्या कप्प्याचं घराणं थोर, त्याच्या पूर्वजांचे उपकार मोठे, पण बसायची जागा ज्याची त्याची ठरलेली असते. त्याने मागे सरावं. रिवाजाप्रमाणे डाव्याला मानाची चटई देऊन माफी मागावी. आम्ही बदल्यात डुक्कर देऊ. दोन देऊ. बोलता बोलता त्याचा आवाज चिरकायला लागला आणि तरी तो थांबेना. कप्पा होता तेवढाच राहिला.

"तापूसोआ." मास्क बाजूला करून सरकार म्हणाले, "गप्प बस."

मी त्यांचा आवाज प्रथमच ऐकत होते. बारीकसा होता.

"डॉक्टर, मला फार भीती वाटते. मी मरेन का?"

"मला नाही सांगता येत," मी म्हटलं. "इथे राहिलात तर वाचायची आशा जास्त आहे."

"मग राहतो. चर्च माझ्याशिवाय उघडू दे."

मी मास्क पुन्हा नीट बसवला. तापूसोआ काठी धरून तसाच उभा होता. मग तो व्हरांड्यात गेला. रिवाजाप्रमाणे अकराजण मांडी घालून बसले आणि भाषणाची वाट बघू लागले. त्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"मला भीती वाटते," शेवटी तो म्हणाला.

सरकारांच्या थोरल्या लेकीने विचारलं, "काका, हे बाबा म्हणतायत की तुम्ही?"

"दोघंही," तापूसोआ म्हणाला आणि त्यांच्यातच खाली बसला.