काशीरामने पेन्सिल खाली ठेवली

शेवंतीकाकूंनी वाटीत डाळीचं पीठ भिजवलं, की भांडुपच्या त्या चाळीत सगळ्यांना कळायचं, आज कुणाच्या तरी मुलीचा फोटो निघणार! मुलाचा फोटो असला तर तो आंघोळ करतो, भांग पाडतो आणि निघतो. मुलीच्या तोंडाला मात्र चार घरची स्वयंपाकघरं कामाला लागतात. एकीकडची साय, दुसरीकडचं लिंबू, तिसरीकडची हळद. तुमच्या घरी लागत नाहीत? बरं, नसतील लागत!

१९८४ सालच्या त्या शनिवारी पाटावर बसली होती सुलक्षणा परब. वय अठ्ठावीस. मुलुंडच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात नऊ वर्षं काढलेली, आणि आता त्याच खात्याची सुपरवायझर. कारखान्यातली पहिली बाई सुपरवायझर! कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती. तिच्यात सगळ्या सुपरवायझरांचे फोटो, आणि तेच मोठे करून गेटजवळच्या भिंतीवर. अकरा पुरुष आणि एक सुलक्षणा.

सुलक्षणाच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. चार वर्षांची असताना, कोकणात, गावात देवीची साथ आली होती. गालांवर, कपाळावर, अगदी नाकाच्या शेंड्यावरही खळगे राहिले होते.

"गो सुलू, हलू नको. काकू, नाकावर जरा जाड थापा," रुक्मिणीबाई म्हणाल्या. या सुलक्षणाच्या आई.

"वहिनी, याच्याहून जाड थापलं तर भजी तळता येतील!" शेवंतीकाकू म्हणाल्या.

"आई, बाकीचे अकरा जण काय लावून जाणार आहेत?" सुलक्षणा पिठाआडून बोलली. "त्या श्यामकांतच्या कानातून केस बाहेर आलेत. त्याला कुणी पाटावर बसवलं नाही ते!"

"तो पुरुष आहे."

"आणि मी सुपरवायझर आहे!"

"तुका काय कळता? भिंतीवर लागतलो फोटो. येणारे जाणारे बघणार."

बघणारे काय करतात ते सुलक्षणाला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी लग्नासाठी तिचा असाच फोटो काढला होता, मुलुंडच्याच काशीरामच्या स्टुडिओत. काशीरामची पेन्सिल म्हणजे काय सांगावं! निगेटिव्हवर फिरली की काळी माणसं गोरी आणि म्हातारी माणसं तरुण. त्याने सुलक्षणाचा चेहरा असा साफ केला, की फोटोवर बसलेली माशी घसरून पडली, असं चाळीत अजून सांगतात. तो फोटो बघून चेंबूरहून पाहुणे धावत आले. सुलक्षणा पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईने बशी घेतली, दोन घास खाल्ले आणि हसून म्हणाली, "पोहे झकास झालेत गं. आता मुलीला बोलव ना बाहेर."

हा किस्सा चाळीत सगळे हसून सांगायचे. सुलक्षणाही सांगायची. पण त्या दिवशी ती मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आणि रुक्मिणीबाईंनी त्यावरून धडा काय घेतला म्हणता? फोटो खोटा होता, हा? छे! पोह्यांच्या वेळी पोरीला पावडर कमी पडली, हा!

या वेळी पावडर कमी पडू दिली नाही. रिक्षा मुलुंडच्या रस्त्याला लागली, वारा सुटला आणि सुलक्षणाच्या गालांवरून पावडरचा असा लोट उठला, की मागच्या रिक्षावाल्याने भरदुपारी दिवा लावला. रुक्मिणीबाईंना हे कबूल नाही. पण तो रिक्षावाला शपथेवर सांगतो.

काशीरामच्या स्टुडिओत एक आरसा होता, दोरीला बांधलेला कंगवा होता आणि खिळ्याला कोट होता. अख्ख्या मुलुंडसाठी तो एकच कोट. काशीराम साठीला टेकलेला, जाड भिंगांचा चष्मा, कानामागे टोकदार पेन्सिल.

"काशीरामभाऊ, मागच्यासारखाच हवा," रुक्मिणीबाई आल्या आल्या म्हणाल्या. "एक खळगा दिसता कामा नये."

सुलक्षणा आरशापुढे उभी राहिली. आरशात एक पांढरीफटक बाई होती. त्या पाहुण्यांना आतून बाहेर यायला हवी होती ना, तीच ही! सुलक्षणा तिच्याकडे बघत राहिली. मग वळून म्हणाली, "काका, नळ कुठेय?"

"मागे. का गं?"

उत्तर न देता ती मागे गेली. पाण्याचा आवाज आला. या वेळी नळाखाली रडणं नव्हतं. खसाखसा तोंड धुणं होतं! परतली ती पदराने चेहरा पुसत, आपल्या मूळ सावळ्या रंगात, सगळ्या खळग्यांसकट.

"अगो बाय माझे! दोन तासांची मेहनत!" रुक्मिणीबाईंनी कपाळावर हात मारला. "वाट लावलंस!"

"आई, माझ्या हाताखाली चाळीस बायका आहेत. त्या मला साहेब म्हणतात. भिंतीवरचा फोटो बघतील, मग माझ्याकडे बघतील. आणि मनात म्हणतील, मुलीला बोलव ना बाहेर! पुरे झालं. यापुढे माझ्या जागी दुसरी बाई उभी राहणार नाही. भिंतीवर मी लागेन, नाहीतर ती जागा रिकामी राहू दे!"

"तिचं ऐकू नका, भाऊ. तुम्ही नंतर पेन्सिल फिरवा."

काशीरामने कानामागची पेन्सिल काढली आणि तो त्या पेन्सिलीकडेच बघत राहिला.

"ताई, तीस वर्षं फिरवतोय. अजून एकही पुरुष मला म्हणाला नाही, माझा रंग उजळ कर. पण बहिणीला, मुलीला घेऊन आला की पहिलं वाक्य तेच. मीही करत गेलो. दोन वर्षांपूर्वी घाटकोपरची एक आई आली. लेक विषमज्वराने गेलेली. तिचा एकच फोटो घरात, मीच काढलेला, मीच साफ केलेला. म्हणाली, हनुवटीवर तीळ होता, तेवढा परत काढून द्या. निगेटिव्ह केव्हाच गेलेली. मी फोटोवरून प्रत काढली, ब्रशने ठिपका दिला. म्हणाली, जरा डावीकडे. दुसऱ्या प्रतीवर दिला. म्हणाली, थोडा वर. चार प्रती झाल्या. मग ती या बाकावर बसली आणि म्हणाली, भाऊ, कुठे होता ते आता मलाच आठवत नाही."

रुक्मिणीबाई बाकावरून झटकन उठल्या.

"तुमका वाटता, मी लोकांसाठी लपवतंय?" त्या म्हणाल्या. "हे व्रण हिचे नाहीत हो. माझे आहेत. गावात देवी टोचायला माणूस आला होता. सगळ्या म्हणाल्या, टोचून घेतलं तर देवी कोपेल. मी पोरीला भाताच्या कणगीत लपवलं. शेजारच्या दशरथाने आपल्या लेकीला, जानकीला, टोचून घेतलं. तिच्या तोंडावर एक डाग नाही. चोवीस वर्षं मी रोज हिच्या तोंडावर माझी चूक बघतंय!"

सुलक्षणाला हे आजवर ठाऊक नव्हतं.

"मला कणगी आठवते," ती हळू म्हणाली. "भाताचा वास यायचा. मला वाटलं, आपण लपाछपी खेळत होतो."

रुक्मिणीबाईंनी पदर तोंडावर घेतला. सुलक्षणाने तो खाली ओढला.

"राग आलाय मला, आई. यायलाच हवा. पण एकदा लपवलंस ते लपवलंस. आता दुसऱ्यांदा कणगीत घालू नकोस! काका, काढा फोटो!"

काशीरामने पेन्सिल खाली ठेवली आणि दिवे लावले. सुलक्षणा ताठ बसली. हनुवटी वर, नजर थेट भिंगात.

फोटो भिंतीवर लागला. अकरा पुरुष आणि सुलक्षणा, जशी होती तशी. श्यामकांतच्या कानांतले केसही दिसत होते, पण त्याला कुणी विचारलं नाही.

फोटोची एक प्रत रुक्मिणीबाईंनी मागून घेतली. दोन महिन्यांनी महापालिकेची नर्स चाळीत बाळांना लस टोचायला आली, तेव्हा शेवंतीकाकूंची सून बाळाला पदराखाली घेऊन मागच्या जिन्याने सटकत होती. जिन्यात रुक्मिणीबाई उभ्या! हातात फोटो.

"थांब. ही माझी मुलगी. नीट बघ. हिला मीही असंच लपवलं होतं."

सून फोटो बघत राहिली, आणि गुपचूप वर परतली. फोटोतला एक जरी खळगा पुसलेला असता, तर त्या जिन्यात रुक्मिणीबाई काय दाखवणार होत्या?

तेव्हा मंडळी, मुलीच्या तोंडाला पीठ थापण्याआधी स्वतःला एवढं विचारा, की आपण नक्की कुणाचं काय लपवतो आहोत? तिच्या चेहऱ्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजायचं असेल तर आपण लाजावं, आणि चूक सुधारावी. चेहरा तिचा आहे, तो तिला जसाच्या तसा मिरवू द्या. आणि भिजवलेलं डाळीचं पीठ वाया जाईल म्हणून हळहळू नका. शेवंतीकाकूंनी त्या दिवशी उरलेल्या पिठाची भजी तळली, चाळीत सगळ्यांना पुरली!