वेबसाइटवरची तीन बाळे

माझ्या पाळणाघराच्या वेबसाइटसाठी मी लिहिलेला पहिला मजकूर माझ्या थोरल्या बहिणीने, टोवेने, स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच मोठ्याने वाचला.

“‘येथे सकाळ हलक्या पावलांनी उतरते. फियॉर्डवरचे धुके खिडकीशी येऊन थबकते. प्रत्येक बालपण हा एक संथ निरोप असतो. आम्ही त्याचा हात धरून बसतो.’” तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. “एस्किल, बाळा, कोण गेलं?”

“कुणी नाही, ताई.”

“मग हे काय आहे? लोकांना मूल दिवसभर ठेवायचंय, पुरायचं नाहीये. आणि हे ‘आम्ही’ कोण? तू आणि धुकं?”

मी तो परिच्छेद पुसला. पुसताना वाईट वाटले. धुक्याचे वाक्य जमले होते, असे मला अजूनही वाटते.

चार वर्षे मी शहरातल्या एका मोठ्या पाळणाघरात होतो. तिथे साठ मुले होती आणि दुपारी ती एका ओळीत झोपत. साठांमध्ये मला कोणाच्याच श्वासाचा आवाज ओळखता येत नसे, आणि ही गोष्ट मला घरी आल्यावरही टोचत राही. म्हणून मी लीमफियॉर्ड या खाडीच्या काठावरच्या आमच्या गावी परतलो. एक छोटे घर भाड्याने घेतले आणि घरातच तीन मुले सांभाळण्याची नगरपालिकेची मान्यता मिळवली. आमच्याकडे हे काम बायका करतात. पुरुषाने करू नये असे कोणी म्हणत नाही. कोणी केलेले मात्र नव्हते. त्यात मी असा, की दुकानात यीस्ट कुठे ठेवले आहे हे विचारण्याऐवजी पाव न भाजताच घरी जाणारा. दारोदार जाऊन ‘तुमचे मूल माझ्याकडे ठेवा’ म्हणणे मला या जन्मात शक्य नव्हते. जे बोलायचे ते वेबसाइटनेच बोलायचे होते.

मुदतही ठरलेली होती. टोवे पवनचक्क्यांची पाती बनवणाऱ्या कारखान्यात होती आणि तिने तिथे माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. ईस्टरनंतरच्या मंगळवारी हजर व्हायचे, नाहीतर जागा गेली. तोवर एक तरी मूल आले तर ठीक. नाही आले, तर मी उरलेले आयुष्य साठ मीटर लांबीची पाती घासण्यात घालवणार होतो. तेही वाईट काम नव्हे. पण पात्यांना श्वास नसतो.

“फोटो लाव,” टोवे म्हणाली. “आईबाप वाचत नाहीत, बघतात. आणि ती इंटरनेटवरची विकतची मुलं नकोत हं. ती सगळी बत्तीस दात काढून हसतात. आपल्याकडच्या मुलांना धड चार दात नसतात, आणि त्यांची नाकं गळत असतात.”

मुले नव्हती, तेव्हा मी जागा दाखवायची ठरवली. खेळण्यांच्या फडताळाचा फोटो झाला, चिखलाचे बूट ठेवायच्या फळीचा झाला. उरली सर्वांत महत्त्वाची गोष्ट: दुपारची झोप. आमची बाळे बाबागाडीत, उघड्यावर, थंडीत झोपतात. घरात झोपवणाऱ्याकडे लोक जरा काळजीनेच बघतात. मी तीन जुन्या बाबागाड्या मिळवल्या, धुतल्या, मागच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली एका रांगेत उभ्या केल्या आणि फोटो काढला. फोटो पाहून मलाच रडू फुटायचे बाकी राहिले. हिमकणांनी पांढरे झालेले गवत, आणि त्यावर तीन रिकाम्या बाबागाड्या! याच्यापुढे टोवेला पहिला मजकूरही सौम्य वाटला असता.

तेव्हा मी तळघरातून दोन कोबी आणि एक भोपळा आणला. त्यांना लोकरी टोपडी घातली, दुलया गळ्यापर्यंत, म्हणजे जिथे गळा असायला हवा तिथपर्यंत, ओढल्या आणि लांबून पुन्हा फोटो घेतला. सूर्य नुकताच वर आला होता. दुलयांवर कोवळे ऊन पडले होते. तीन गोल, निवांत डोकी. इतके समाधानी चेहरे मी साठांतही पाहिले नव्हते, आणि इथे तर चेहरे नव्हतेच.

गुरुवारी वेबसाइट सुरू झाली. पहिल्या दिवशी ती अकरा वेळा उघडली गेली; त्यांतल्या नऊ वेळा मी स्वतः होतो. शुक्रवारी चाळीस. रविवारी दोनशे बारा. बुधवारी सहाशे! आमच्या गावची वस्ती नऊशे आहे. मी स्वयंपाकघरात एकटाच टेबलाभोवती दोन फेऱ्या नाचलो आणि मग कोणी पाहिले तर नाही ना म्हणून पडदा ओढला.

फोन मात्र एकही आला नाही.

दुकानात गेलो की लोक बोलायचे थांबत आणि माझ्याकडे प्रेमाने पाहत. बेकरीतल्या बाईने न सांगता चार गोड पाव जास्त घातले. वर म्हणाली, “खात जा रे. तिघांचं करायचं म्हणजे गंमत नाही.” मला काही उलगडा होईना. मी लाजून आभार मानले आणि घरी जाऊन चारही पाव खाल्ले.

ईस्टरला अकरा दिवस उरले असताना इंगेलिसेबाई सायकलवरून आल्या. त्या आमच्या भागातल्या परिचारिका. मूल जन्मले की घरोघर जाऊन त्याचे वजन करायचे, आईला धीर द्यायचा, बापाला कामाला लावायचे, हे त्या तीस वर्षे करत होत्या. सायकलच्या मागे त्यांचा वजनकाटा बांधलेला होता.

“कुठंयत?” त्यांनी दारातच विचारले.

“कोण?”

“हे बघ, एस्किल. या भागातल्या एकेका बाळाचं वजन माझ्या वहीत आहे. तुझंसुद्धा होतं, चार किलो शंभर, आणि तेव्हाही तू तोंड उघडत नव्हतास. ही तिघं माझ्या वहीत नाहीत. गावात काय चाललंय ठाऊक आहे? बेकरीवाली म्हणते, तुझी शहरात कुणीतरी होती आणि ती तिळी टाकून गेली. म्हातारा व्हेर्नर म्हणतो, स्वीडिश असतील.”

“स्वीडिश का?”

“शांत झोपलीयत म्हणून. आण बाहेर.”

माझे कान तापले. मी आत गेलो आणि एक कोबी घेऊन आलो. टोपडे त्याच्या डोक्यावर तसेच होते.

इंगेलिसेबाईंनी टोपडे जरा वर करून पाहिले. “आणि दुसरं?”

“त्याचं... काल सूप केलं.”

“तिसरं?”

“तिसरा भोपळा आहे. त्याला एका बाजूनं बुरशी आलीय.”

त्या पायरीवर बसल्या. आधी त्यांचे खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी आले, आणि शेजारचा कुत्रा भुंकू लागला. त्या सावरल्या. सायकलवरचा काटा सोडून त्यांनी पायरीवर मांडला, आणि माझ्या हातातला कोबी घेऊन त्यावर अलगद ठेवला.

“दोन किलो नऊशे. जरा कमीच, पण टवटवीत आहे.” त्यांनी खरोखरच वही काढून ते लिहून घेतले. मग त्यांचा आवाज बदलला. “आता ऐक, वेड्या. फोन का येत नाही कळलं का? सगळ्यांना वाटतंय तुझ्याकडे जागाच नाही. ती फेरीबोटीवरची सिल्ये रोज पोरीला घेऊन पस्तीस किलोमीटर जाते, पलीकडच्या पाळणाघरात. परवाच मला म्हणाली, ‘एस्किलकडे आवडलं असतं, पण तीन भरलीयत, उगाच फोन करून त्याला अवघडल्यासारखं कशाला करायचं.’”

हा आमच्या लोकांचा स्वभाव. भरलेल्या बाकावर कोणी ‘सरका’ म्हणत नाही. उभे राहून दुसऱ्या बाकाची वाट पाहतात. मी माझाच बाक तीन भाज्यांनी भरून टाकला होता.

संध्याकाळी टोवे हसून हसून टेबलावर पडली. मग तिने सल्ला दिला. “गुपचूप फोटो काढून टाक. लिही, ‘अचानक तीन जागा मोकळ्या झाल्या.’”

“एकदम तीन? आठवड्यात? लोक विचारतील, तिघांचं काय झालं.”

“आणि तू सांगशील, सूप केलं.” ती पुन्हा कोसळली.

ती गेल्यावर मी लिहायला बसलो. यावेळी धुके आले नाही. मी लिहिले: ‘फोटोतली तिघे म्हणजे दोन कोबी आणि एक भोपळा. बाबागाड्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मी त्यांना टोपडी घातली; चूक झाली. तिन्ही जागा मोकळ्या आहेत. रविवारी दुपारी दोनला दार उघडे असेल, पाव आणि कॉफी मिळेल.’ ‘प्रकाशित करा’ या बटणावर बोट ठेवून मी एवढा वेळ थांबलो, की फोनचा पडदा दोनदा आपोआप काळा झाला. हे वाचल्यावर मला मूल कोण देणार? आणि न लिहावे, तर मी कोणाचे मूल कोणत्या तोंडाने घेणार? तिसऱ्यांदा पडदा काळा होण्याआधी बटण दाबले गेले.

रविवारी मी चाळीस पाव भाजले. अडीचपर्यंत ते संपले. सारे गाव आले होते. मूल घेऊन नव्हे, कोबी पाहायला. कोणीतरी उरलेल्या कोबीला पुन्हा बाबागाडीत निजवले होते आणि माणसे रांगेने वाकून त्याचे कौतुक करत होती.

“नाक बापावर गेलंय,” व्हेर्नर म्हणाला.

“ओरडतो का रात्री?” बेकरीवालीने विचारले. “नाही? मग मी माझ्या नवऱ्याच्या बदल्यात घेते.”

मी कॉफीची किटली घेऊन त्यांच्यामधून फिरत होतो आणि इतक्या लोकांना आपल्यामुळे हसू येते आहे याचे मला दुःख व्हावे की आनंद, हे ठरत नव्हते. बहुधा आनंदच होत होता. पाय हलके पडत होते.

मग फाटकातून सिल्ये आत आली. फियॉर्डच्या पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीची ती चालक. सरळ उभी राहणारी, सरळ बोलणारी. तिच्या कडेवर अकरा महिन्यांची एब्बा होती. तिने एब्बाला गवतावर सोडले, कोबीकडे एकदा पाहिले, आणि ती हसली नाही.

“एस्किल, एक विचारते. खोटी मुलं मांडून फोटो काढलास. उद्या माझी पोर दिवसभर रडली, तर मला सांगशील? का ‘छान खेळली’ म्हणशील?”

आजूबाजूचे हसणे ओसरले. बेकरीवालीने कप खाली ठेवला. मला ठाऊक होते, की सगळे या एका उत्तरावर अवलंबून आहे. मी गवतावर बसलो. एब्बा रांगत जवळ आली होती. तिचा गाल एका बाजूने फुगला होता.

“सांगेन,” मी म्हणालो. “म्हणजे... रडली तर लिहीन रडली. किती वेळ तेही लिहीन. मला खरं तर...” माझा हात तिच्या हनुवटीखाली गेला होता. “मला खोटं नीट जमत नाही. पाहिलंतच तुम्ही. भाज्या वापराव्या लागतात.”

कोणीतरी फसकन हसले. एब्बाने माझ्या तळहातावर एक ओला खडा थुंकला. मी तो खिशात टाकला, तिची हनुवटी बाहीने पुसली आणि पुढचे वाक्य शोधू लागलो.

“थांब,” सिल्ये म्हणाली. “तिच्या तोंडात खडा आहे हे तुला कसं कळलं?”

“श्वास,” मी म्हणालो. “नाकानं घेत होती. मघाशी तोंडानं घेत होती.”

सिल्येने एब्बाकडे पाहिले. एब्बा आता माझ्या बुटाची नाडी तोंडात घालायच्या विचारात होती, आणि मी बोलता बोलता तीही काढून घेतली.

“माझ्या हातावर कधी थुंकत नाही ती,” सिल्ये जरा दुखावल्यासारखी म्हणाली. “गिळते.” आणि मग: “उद्या सातला आणते. दुपारी झोपेपर्यंत बघू. जमलं तर पुढचं.”

सोमवारी सातला ती आली. एब्बा पहिली चाळीस मिनिटे रडली आणि मी सिल्येला तसे कळवले: ‘चाळीस मिनिटे.’ मग एब्बाने चमचा शोधला आणि जग सुधारले. साडेअकराला मी तिला जाड सूट घातला, बाबागाडीत निजवले, पट्टा लावला आणि मागच्या बागेत नेले. ती झाडाच्या फांद्या पाहत राहिली. मी बाबागाडी हलवत राहिलो. हळूहळू तिचा श्वास लांब झाला. आत येताना एक बारीक शीळ, बाहेर जाताना काही नाही. हा आवाज मी आता साठांतच काय, सहाशेंतही ओळखला असता.

मी फोन काढला आणि लिहिले: ‘झोपली.’

उत्तर लगेच आले: ‘माहीत आहे. मी कुंपणामागे आहे.’

मी वर पाहिले. बीच झाडांच्या वाळक्या पानांच्या कुंपणावरून सिल्येची टोपी दिसत होती. तिच्या शेजारी इंगेलिसेबाई होत्या. त्यांच्यापलीकडे, या वेळी कारखान्यात असायला हवी होती ती टोवे होती. मग व्हेर्नर, बेकरीवाली, आणि माझ्या ओळखीचे नसलेले एक जोडपे, ज्यातल्या बाईच्या पोटावर एक बाळ बांधलेले होते.

मी चवड्यांवर चालत कुंपणापाशी गेलो.

“तू इथे काय करतेस?” मी टोवेला कुजबुजत विचारले.

“रजा घेतली. सकाळपासून इथेच आहे. आणि तुझी जागा सोडून दिली, सकाळीच,” ती कुजबुजली. “चाळीस मिनिटं रडली तेव्हा एकदा वाटलं, परत मागावी. पण मग चमच्याचा आवाज आला.”

“हे दोघं विचारतायत,” इंगेलिसेबाईंनी जोडप्याकडे बोट दाखवले, “की खरोखर जागा आहे का. बाळ माझ्या वहीत आहे. मी खात्री केलीय.”

“कॉफी नाही का आज?” व्हेर्नरने त्याच्या नेहमीच्या, बंदरावरून बोटीपर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात विचारले.

“शूऽऽ!” सगळे एकदम म्हणाले, आणि त्या आवाजानेच एब्बा जागी झाली.

कुंपणावरची सगळी डोकी एका क्षणात खाली गेली. बागेत अगदी शांतता पसरली. एब्बाने मान वळवून इकडे पाहिले, तिकडे पाहिले. दिसण्यासारखा मी एकटाच होतो. तिने थोडा विचार केला. मग दोन्ही हात माझ्याकडे वर केले.