न आलेले प्रवासी

तिनं बोर्डावरची पिवळी पट्टी बोटानं सरकवत आठ-चाळीसवरून आठ-दहावर आणली, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि परत होती तिथे नेऊन ठेवली. तासाभरात हे चौथ्यांदा. कंपनीची विमानं तीन, म्हणून पट्ट्यांचे रंगही तीन. संगणक होताच, पण वेळ बदलायची तर आधी पट्टी हलवून बघायची, ही तिच्या वेळापत्रक खात्याची जुनी सवय. एक पट्टी हलली की बाकीचा दिवस कुठे अडखळतो ते डोळ्यांना दिसतं.

पिवळी पट्टी म्हणजे सकाळचं विमान. अकरा वर्षं या मार्गावर ते एकटंच उडत होतं. आता पुढच्या महिन्यापासून मोठ्या कंपनीनं आपलं विमान नेमकं पंधरा मिनिटं आधी लावलं होतं, आठ-पंचवीसला, आणि तिकीटही स्वस्त. हा डाव नवा नव्हता. लहान कंपनीच्या पुढ्यात विमान उभं करायचं, वर्षभर तोटा सोसायचा, आणि ती दमून निघून गेली की मार्ग आपला.

विक्रीप्रमुखाचं म्हणणं सरळ होतं. ते आठ-पंचवीसला, तर आपण आठ-दहाला, आणि वर सवलत. सर्दीपासून संपापर्यंत सगळ्यावर त्याच्याकडे सवलत हेच औषध असायचं, म्हणून ऑफिसात त्याला सवलतराव म्हणत, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. साहेबांनी त्याचं ऐकून घेतलं आणि मग तिच्याकडे वळले. बाळंतपणाच्या रजेवरून येऊन तिला तीनच आठवडे झाले होते.

"वेळ तू ठरव. सोमवारी सांग," साहेब म्हणाले. "पण हे विमान रिकामं जायला लागलं, तर इथलं ठाणं बंद करावं लागेल."

ते तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. रोज सकाळी ते विमान तपासून कागदावर सही करणारा इंजिनिअर तिचा नवरा होता. ठाणं बंद म्हणजे त्याची बदली, पार दुसऱ्या टोकाच्या शहरात. मुलगी आठ महिन्यांची होती आणि आत्ताआत्ताच आपल्या बापाला ओळखून हसायला लागली होती. तेही रात्रीच. सकाळी तिचे डोळे उघडायच्या जरा आधी तो बाहेर पडलेला असे.

संध्याकाळी तिनं सहा महिन्यांचे तक्ते जमिनीवर पसरले. सासूबाई शेजारी बसून नातीला भरवत होत्या. अठ्ठावीस वर्षं त्या बसच्या कंडक्टर होत्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कुणी दारात घुटमळलं की त्यांच्या तोंडून 'पुढे चला' निघायचं. त्यांनी चमचा खाली ठेवला, चष्मा लावला आणि एका रकान्यावर बोट टेकवलं. हे कोण, म्हणून विचारलं.

तिनं समजावलं. ते न आलेले. तिकीट काढतात आणि येत नाहीत. कुणाचा बेत बदलतो, कुणी आजारी पडतं, कुणाला जाग येत नाही. प्रत्येक विमानाला असतातच असे, म्हणून तर कंपनी चार-पाच तिकिटं जास्तच विकते.

"रोज आठ-नऊ जणांना जाग येत नाही?"

"आई, सगळ्याच कंपन्यांत असं असतं."

"असेल. मग रविवारी बरी सगळ्यांना येते."

तिनं तक्ता ओढून घेतला. खरंच, रविवारच्या रकान्यात कुठे एक, कुठे शून्य. इतकी वर्षं तो आकडा तिच्या डोळ्यांखालून गेला होता, पण महिन्याच्या सरासरीत मिसळून. वार कुणी पाहिलेच नव्हते.

"रविवारी पहिली गाडी नसते," सासूबाई नातीच्या हनुवटीवरचं पुसत म्हणाल्या. "बाकीचे दिवस ती तुमच्या विमानतळाच्या फाटकाशी आठाला दहा कमी असताना येते. मीच होते तिच्यावर शेवटची सहा वर्षं. अगं, ते आले नाहीत, की तुम्ही थांबला नाहीत?"

तिनं मनातल्या मनात हिशेब केला. काउंटर पाऊण तास आधी बंद होतं, म्हणजे सात-पंचावन्नला. फाटकापासून काउंटरपर्यंत धडधाकट माणसालाही सात मिनिटं लागतात.

शनिवारी सकाळी ती मुलीला छातीशी बांधून काउंटरसमोरच्या बाकावर जाऊन बसली. आठला दोन मिनिटं कमी असताना माणसं आत आली. एक म्हातारा, त्याच्या हातात दवाखान्याचं मोठं पाकीट. मागून त्याची बायको, चपला हातात घेऊन पळत. परीक्षेला निघालेल्या दोन मुली. एक गवंडी आपल्या अवजारांची पिशवी सांभाळत. एकूण नऊ. काउंटरवरच्या मुलीनं खेदानं मान हलवली. कुणी भांडलं नाही. दुपारच्या विमानात जागा मिळेल का, एवढंच म्हाताऱ्यानं विचारलं.

तिनं नंतर काउंटरवरच्या मुलीजवळ चौकशी केली. रोज असंच, ती म्हणाली. संगणक दोनच गोष्टी विचारतो, आला की नाही आला. धापा टाकत आला, हे कुठे लिहायचं?

सोमवारी तिनं सगळ्यांदेखत पिवळी पट्टी उचलली आणि उलट दिशेला, नऊ-पाचवर नेऊन लावली.

सवलतराव हसला. शर्यतीत मागे पळायचं ही नवीनच पद्धत आहे म्हणाला. तिनं तक्ता पुढे केला, बसची वेळ सांगितली, त्या नऊ जणांबद्दल सांगितलं. मोठ्या कंपनीचं विमान या माणसांना कधीच मिळणार नाही; आपण आठ-दहाला गेलो तर आपल्यालाही ती मिळणार नाहीत. आणि बसनं येऊ शकणारे पण पोचणारच नाही म्हणून तिकीटच न काढणारे आणखी किती, ते कुणाला माहीत?

साहेबांनी तक्त्यातले रविवार बोटानं एकेक करून तपासले. शेवटी म्हणाले, "लाव."

पहिले दोन महिने जड गेले. मोटारीनं येणारे आठ-पंचवीसला वळले. पण बस हळूहळू भरून यायला लागली. दवाखान्याचे, परीक्षेचे, कामावरचे, आणि पूर्वी रात्रभर आगगाडीत अवघडून बसणारेही. सातव्या महिन्यात मोठ्या कंपनीनं आपलं विमान मुकाट्यानं दुसऱ्या मार्गाला हलवलं. सवलतरावानं त्या दिवशी तिला चहा पाजला, पूर्ण दरात.

आणि साहेबांनी सांगितलं, आता मैदान मोकळं आहे, तेव्हा विमान परत आठ-चाळीसला घे. म्हणजे संध्याकाळची फेरीही पंचवीस मिनिटं आधी सुटेल. बसची माणसं बघ, काही तरी जुळव, उद्या सकाळी फोन कर.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला ती फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नवरा अजून घरातच होता, पायात एकच बूट. दुसरा बूट मुलीनं पळवला होता आणि तो चार पायांवर तिच्या मागे टेबलाखाली शिरला होता. सात महिने रोज सकाळी त्या दोघांना ही पंचवीस मिनिटं मिळत होती.

जुळवायचं कसं, हे आधी बघावं म्हणून तिनं बस डेपोला फोन लावला. पहिली गाडी दहा मिनिटं लवकर आणता येईल का, एवढंच विचारायचं होतं. पलीकडच्या माणसानं सांगितलं की ती आता आठ-दहाला पोचते. चार महिने झाले. विमान नऊ-पाचचं, मग गाडीनं एवढ्या लवकर येऊन काय करायचं? ड्रायव्हर-कंडक्टरही खूश आहेत, घरून पोटभर खाऊन येतात. तुमच्याच घरून तर बाई आल्या होत्या सांगायला.

तिनं फोन ठेवला. सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"आई, तुम्ही डेपोत गेला होतात?"

"चहा प्यायला," सासूबाई म्हणाल्या. "जुनी माणसं आहेत तिथे."

टेबलाखालून मुलगी खिदळली. तिनं साहेबांचा नंबर फिरवला आणि सांगितलं, नऊ-पाचच ठेवावं लागेल, बस आता आठ-दहाला येते. बसचं काय, साहेब कुरकुरले, ती उद्या पुन्हा बदलेल.

"नाही बदलायची," ती म्हणाली.

सासूबाईंनी गॅस बारीक केला.