सुंदांगवरची रेघ

सुंदांग खोटी आहे हे कळलं, त्या दिवशी कोसाइनच्या मयत बायकोच्या, रायसालमच्या, नावाने घातलेल्या कंदोरीचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. माणसं कॉफी पीत बसली होती. तिचा थोरला भाऊ आमेरोल उठला, भिंतीवरून ती नागमोडी तलवार त्याने काढली आणि म्यानातून ओढली. पुतण्याच्या लग्नात ती मांडवात मिरवायची होती. घराण्याची वस्तू, रायसालमकडे सांभाळायला दिलेली. आता ती माहेरी परत जायची, यात कोसाइनलाही काही वावगं वाटत नव्हतं.

आमेरोलने मुठीलगतच्या रुंद भागावर नख फिरवलं. थांबला, पुन्हा फिरवलं. मग कालामान्सी लिंबू मागवलं आणि रस चोळला.

"लहानपणी इथे माझं नख अडकायचं," तो म्हणाला. "दोन वेगळे तुकडे होते. मधल्या फटीत रस मुरायचा आणि काळा होऊन बाहेर यायचा. हे बघ. एकच लोखंड आहे. वर रेघ मारली आहे नुसती."

"दादा, मी तर पहिल्यापासून हीच बघतोय," कोसाइन म्हणाला.

"मूठ तीच आहे. तिच्यावर कोरलेल्या काकाकुवाची चोच फुटलेली, ती मीच पाडून फोडली होती. पातं कुणी बदललं?"

त्याने तलवार कोसाइनपुढे ठेवली.

"गेल्या वर्षी तुझ्या जीपला नवं इंजिन बसलं," आमेरोल सावकाश म्हणाला. "तेव्हाच मी बायकोला म्हटलं होतं, याला कुठलं घबाड सापडलं."

"इंजिन जुनंच आहे. इलिगानहून आणलं. पाहिजे तर उघडून दाखवतो."

"इंजिन तुझं तू बघ. आमची वस्तू आण. तोवर माझ्या अंगणात पाय ठेवू नकोस."

आमेरोलच्या अंगणात, फणसाच्या मागे, रायसालमची कबर होती. तिच्या आईबापांशेजारी. तिने स्वतःच तसं मागितलं होतं, आणि कोसाइननेही हो म्हटलं होतं. दर शुक्रवारी नमाजानंतर तो तिथे जाऊन बसायचा, गवत उपटायचा, घरातल्या गोष्टी सांगायचा. घरी सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

तो शुक्रवार त्याने जीपमध्ये बसून काढला. दुसऱ्या दिवशी तलवार रायसालमच्या फाटक्या मालोंगमध्ये, लुंगीसारख्या कापडात, गुंडाळली आणि तुगायाला गेला.

तुगायात पितळेच्या दुकानांच्या मागे साउमाय लोहाराची भट्टी होती. साउमाय साठीला आलेला, तोंडाने फटकळ. त्याने पातं उन्हात धरलं, उलटंपालटं केलं.

"बापा, हे कुणी तुम्हाला जुनं म्हणून विकलं?"

"विकलं नाही. सासऱ्यांनी दिलं."

"मग सासऱ्यांनी विकलं म्हणा." कोसाइन हसला नाही, तसा साउमायही गंभीर झाला. "पोलाद बघा. तुम्ही ड्रायव्हर, तुम्हाला मी काय सांगायचं?"

कोसाइनने कडेला बोट लावलं. इतकी वर्षं ती भिंतीवर होती, पण त्याने कधी तसं पाहिलंच नव्हतं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद होतं.

"लढाईनंतर लष्कराचे ट्रक रस्त्याकडेला सडत पडले होते," साउमाय म्हणाला. "माझ्या वडिलांनी त्यांचे पाटे कापून किती सुंदांग केल्या, त्याला हिशेब नाही. जुने लोहार मुठीकडचा तुकडा वेगळा घडवून बसवायचे. वडील अख्खं एकच घडवायचे आणि वर रेघ कोरायचे. गिऱ्हाईक खूश, तेही खूश."

"म्हणजे लोकांना फसवायचे?"

"फसवायचे नाहीत. लोक ठरवून यायचे फसायला." त्याने मुठीजवळची हत्तीच्या सोंडेसारखी खाच दाखवली. "कानशीचे ओरखडे बघा, उलटे तिरपे. वडिलांचा उजवा अंगठा घणाखाली गेला, त्यानंतर ते डाव्या हाताने कानस चालवायचे. त्या हाताचं हे काम आहे. तुमचं लग्न कधीचं?"

"मार्शल लॉ लागला, त्याच्या पुढच्या वर्षीचं."

"वडील त्याआधीच गेले. मग तुम्ही काय बदलणार? ती तुमच्या घरी आली तीच अशी."

कोसाइनच्या छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं. पण साउमाय त्याच्याकडे न बघता भट्टीतले कोळसे सारत होता.

"अजून काही आहे का?" कोसाइनने विचारलं.

"तुमची बायको येऊन गेली आहे. हीच घेऊन. पुष्कळ वर्षं झाली. तुम्ही कागायानला जीपच्या फेऱ्या मारायचात तेव्हा."

"रायसालम?"

"घासताना काहीतरी लक्षात आलं असावं. मी तिलाही हेच सांगितलं. खरं पातं कुठे गेलं म्हणून तिने विचारलं. ते मला ठाऊक नव्हतं. तिचे वडील फक्त मूठ घेऊन आले होते, एवढं मी लहान असताना पाहिलं होतं. ती बसली इथे, त्या पाटावर. कॉफी प्यायली. मग म्हणाली, कुणाला बोलू नका, माझे वडील अजून जिवंत आहेत."

सासरे जाऊनही वीस-एक वर्षं झाली होती. त्यानंतरही ती बोलली नाही. दर ईदला ती तलवार खाली काढायची, तेल लावायची, फडक्याने पुसायची. कोसाइन म्हणायचा, अगं किती घासशील, झिजेल. ती म्हणायची, घराण्याची आहे.

"मी येतो तुमच्याबरोबर," साउमाय म्हणाला. "आमेरोलला समोर बसवून दाखवतो. तोंड बंद होईल त्याचं."

कोसाइनने नको म्हणून मान हलवली. आमेरोल प्रत्येक लग्नात एकच गोष्ट सांगत आला होता. जपान्यांच्या वेळी घरात कंदमुळं खायची पाळी आली, पण बापाने सुंदांग सोडली नाही. ती ऐकताना रायसालम खाली बघून ताटल्या पुसत असायची. ती लाजते आहे, असं त्याला वाटायचं.

परतताना आमेरोलच्या फाटकाशी त्याने जीप थांबवली. आमेरोल ओट्यावर सुपारी कातरत होता. तो उठला नाही.

"आणलीस?"

"नाही."

"मग कशाला आलास?"

शब्द तोंडात तयार होते. पोलाद, ओरखडे, लग्नाचं साल, सगळं. जीपमध्ये बसायच्या फळीखाली तलवार होती. फणसाच्या पलीकडे कबरीचा दगड अर्धाच दिसत होता.

"गवत वाढलंय," कोसाइन म्हणाला. "तेवढं काढून जातो."

"आमच्या बहिणीचं गवत आम्ही काढू."

कोसाइनने गाडी सुरू केली. घरी येऊन तलवार होती त्याच खिळ्यावर टांगली. तेलाची बाटली रायसालम ठेवायची तिथेच होती. त्याने पात्याला तेल लावलं नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी तो त्या फाटकावरून जातो आणि थांबत नाही. आमेरोलला सांगायचं अजून राहिलं आहे. गवतही अजून कुणी काढलेलं नाही.