अर्धे दार

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. खरे म्हणजे अर्धे दार. माझा खालचा भाग आता उरलेला नाही.

मला एका सुताराने घडवले, तेव्हा त्याच्या घराचा पायासुद्धा खणलेला नव्हता. तो आणि त्याची बायको भाड्याच्या एका खोलीत राहत. ती शिवणकाम करायची आणि लाकडाचा भुसा तिच्या कापडांवर उडायचा. "आपलं घर होईल तेव्हा माझं दुकान रस्त्याकडे आणि तुमचं काम मागे," ती वैतागून म्हणायची. म्हणून त्याने मला वर-खाली असे दोन भागांत केले. वरचा भाग उघडला की गिऱ्हाइकाशी बोलता यावे आणि खालचा बंद राहिला की कुत्री-मांजरे आत शिरू नयेत. मधली कडी लावली की मी अखंड दार.

"अरे, लोक आधी घर बांधतात," सुताराची आई म्हणाली.

"दार झालं म्हणजे निम्मं घर झालंच की, आई!"

मग युद्ध सुरू झाले. सुताराला सैन्यात बोलावले. पाठोपाठ गल्लीवर बॉम्ब पडले. सासू-सून मिळेल त्या ट्रकमध्ये चढल्या. ड्रायव्हर मला घेईना. "बाई, इथे माणसांना जागा नाही आणि दार कसलं नेताय?"

"माणसं बसतील की त्याच्यावर," सून म्हणाली. आणि माणसे खरोखरच बसली.

परक्या गावात शाळेच्या सभागृहात त्यांना एक कोपरा मिळाला. विटांवर मला आडवे ठेवून ती माझ्यावर कापड बेतू लागली. अधूनमधून सुताराचा फोन यायचा. तो तिकडे खंदकात, ती इकडे माझ्या कडेला टेकलेली, आणि दोघे मिळून घर बांधायचे.

"स्वयंपाकघराला मोठी खिडकी ठेवू."

"ठेवा. पण तुमची ठोकठोक आणि माझ्या मशीनची खडखड. शेजारी पळून जातील हो!"

"जाऊ देत. गिऱ्हाईक थांबलं म्हणजे झालं."

ती हसायची. फोन बंद झाला की मात्र तिचा हात बराच वेळ माझ्यावरून फिरत राहायचा.

हिवाळ्यात सासूची छाती कफाने भरली. सरपण संपले होते. सभागृहातली बाके जळाली, खुर्च्या जळाल्या. लोक माझ्याकडे बघायचे, पण बोलायचे कोणी नाही. म्हातारी थंडीने काकडू लागली, त्या दुपारी सुनेने मधली कडी काढली आणि कुऱ्हाड मागून आणली. माझा खालचा भाग तिने आपल्या हातांनी फोडला. प्रत्येक घावाला ती "माफ करा हो" असे पुटपुटत होती. ते ती मला म्हणत नव्हती.

"काय जाळतेस गं? किती बरं वाटतंय," म्हातारी म्हणाली.

"जुनं लाकूड आहे, आई."

पण दुखणे हाताबाहेर गेले होते. शेगडीतले निखारे विझण्याआधीच म्हातारी गेली.

पुढच्या फोनवर सुनेला दोन्ही गोष्टी एकदम सांगाव्या लागल्या. मग सुताराने विचारले, "आई उबेत गेली ना?"

"हो."

"मग दार कामी आलं. खालचं मी पुन्हा करीन. तू वरचं सांभाळ."

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. थंडी सरल्यावर एक अधिकारी आला. सुताराची तुकडी परतली होती, पण तो त्यांच्यात नव्हता. मेलेल्यांत सापडला नाही, पकडलेल्यांतही नाही. "वाट बघा की बघू नका, काय सांगू तुम्हाला?" असे म्हणून त्याने मान खाली घातली.

युद्ध थांबले. तिने याच गावात एक लहानसा गाळा भाड्याने घेतला, मला वर बसवले आणि खाली पत्रा ठोकला. एका ओळखीच्या सुताराने खालचा भाग नवा करून देतो म्हटले. ती म्हणाली, "नको दादा. ते काम दुसऱ्याचं आहे." आता बायका युद्धात गेलेल्या माणसांचे कोट घेऊन येतात. ती ते उसवून मुलांच्या मापाचे करते.

मुलांनो, तुम्हीही तिथे येता. माझ्यावर खुशाल रेला, हवे तर लोंबकळा. फक्त एवढे ऐका. मी बंद दिसले तर बाहेरून "काकू" अशी हाक मारा. मला ठोठावू नका. ठोठावले की ती हातातली कात्री टाकून धावत येते, वाटेत मशीनला अडखळते, घाईघाईने कडी काढते. तुम्हाला पाहून ती हसते, "काय हवंय रे बाळांनो?" असेही विचारते. पण त्यानंतर सुईत दोरा ओवायला तिला फार वेळ लागतो.